अक्षरांच्या शेजारचें चित्र



चित्रांविषयीं बोलावयाचें आणि चित्र मात्र एकहि दाखवितां यावयाचें नाहीं, अशी अडचण ध्वनिक्षेपणाच्या वक्त्यापुढें पुष्कळदां येते. आजच्या विषयापुरती ती मला फारशी जाचत नाहीं. कारण ज्या चित्रांविषयीं मी बोलणार आहें त्यांच्या जातीचीं चित्रें बहुतेकांच्या घरीं आहेत. फळीवरचें एखादें जुनें पुस्तक, देव्हाऱ्याजवळची पोथी, मुलांच्या दप्तरांतलें गोष्टींचें पुस्तक, यांपैकीं कांहींहि उघडलें तरी माझें म्हणणें ताडून पाहतां येईल.

भिंतीवर टांगलेल्या चित्रासमोर आपण उभे राहतों. पुस्तकांतलें चित्र मांडीवर घेतों. हा फरक दिसावयास लहान, पण या कलेचें सारें वेगळेपण त्यांत आहे. भिंतीवरचें चित्र एकटें असतें. पुस्तकांतल्या चित्राला शेजार असतो, तो अक्षरांचा. ज्या कागदावर अक्षरें त्याच कागदावर तें, ज्या शाईनें अक्षरें उमटतात बहुधा त्याच शाईनें तें, आणि तें डोळ्यांपुढें केव्हां यावें हें पान उलटणाऱ्या बोटावर अवलंबून. म्हणून अशा चित्राची पारख करतांना रेखाटन कसें आहे, रंग कसे आहेत, एवढेंच विचारून भागत नाहीं. या चित्राचें आणि शेजारच्या अक्षरांचें कसें काय जमतें, हें विचारावें लागतें. मला तर वाटतें कीं, ग्रंथचित्रांचा तीन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा या दोन शेजाऱ्यांचाच इतिहास आहे. कधीं एका घरांत नांदणारे, कधीं मध्यें भिंत घालून राहणारे.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आनी नांवाच्या एका इजिप्ती लेखनिकाची पपायरसची गुंडाळी आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें १२५० सालची. मेलेल्या माणसास परलोकाच्या वाटेवर उपयोगी पडावे म्हणून लिहिलेले मंत्र तींत आहेत, आणि मंत्रांच्या बरोबरीनें चित्रें. मृताचें हृदय एका पारड्यांत व दुसऱ्या पारड्यांत पीस, हें ठिकठिकाणीं छापलें जाणारें चित्र यांतलेंच. या गुंडाळीचे कांहीं भाग आधींच तयार करून ठेवलेले होते. गिऱ्हाईक मिळाल्यावर मोकळ्या जागीं त्याचें नांव भरलें गेलें. म्हणजे छापील अर्जाची कल्पना किती जुनी आहे पाहा! ही गुंडाळी सुमारें ७८ फूट लांब होती. १८८८ सालीं वॉलिस बज यानें ती म्यूझियमसाठीं मिळविली आणि हाताळण्याच्या सोयीसाठीं कापून तिचे ३७ तुकडे केले. हळूहळू उलगडत जावयाची वस्तु सुट्या तक्त्यांत मांडली गेली. पुस्तकाचे असे तुकडे करण्याचा प्रकार पुढें आणखीहि भेटणार आहे, म्हणून त्याची येथें नोंद करून ठेवतों.

आपल्या देशांतील सर्वांत जुन्या सचित्र पोथ्या ताडपत्राच्या. ताडाचें पान लांब पण अरुंद. उंची दोन-तीन इंच, मध्यें दोरी ओवण्यासाठीं भोंक. एवढ्याशा पट्टींत ओळीहि बसवावयाच्या आणि चित्रहि. बिहार-बंगालकडे पाल राजांच्या अमदानींत, अकराव्या-बाराव्या शतकांत, बौद्ध मठांतून प्रज्ञापारमितेच्या ज्या पोथ्या तयार झाल्या त्यांतील चित्रांची एक गंमत आहे. शेजारच्या ओळींत जें लिहिलें आहे तें त्या चित्रांत नसतें. ओळींत शून्यतेचें तत्त्वज्ञान, आणि चित्रांत बुद्धचरित्रांतील प्रसंग किंवा एखादी प्रसन्न देवता. शून्यतेचें चित्र काढावयाचें तरी कसें! तेव्हां चित्रकारानें मजकूर समजावून सांगण्याचा प्रयत्नच केला नाहीं. त्यानें पोथी पवित्र केली, तिची राखण केली. चित्र म्हणजे मजकुराचें भाषांतर, अशी जी आपली शाळेपासूनची समजूत असते तिला या पोथ्या पहिला धक्का देतात.

गुजरात-राजस्थानांतील जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांची तऱ्हा निराळी. तेथें लेखनिक आधीं लिही, आणि चित्रासाठीं एक चौकोन कोरा सोडी. त्या चौकोनांत काय काढावयाचें याची बारीक अक्षरांतली टीप तो समासांत चिताऱ्यासाठीं लिहून ठेवी. कांहीं पोथ्यांतून त्या टिपा आजहि दिसतात. दोन कारागिरांमधला हा व्यवहार वाचतांना मला मूळ मजकुराहूनहि अधिक जवळीक वाटते. चिताऱ्यानें मग त्या तळहाताएवढ्या जागेंत राजवाडा, राणी, चौदा स्वप्नें सारें बसवावयाचें. मागें तांबडा रंग, चेहरे एका बाजूस वळलेले, नाकें टोकदार, आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर काढलेला. नवख्या माणसास हें कच्चेपण वाटतें. परंतु हें चित्र ठळक, कोनदार देवनागरी अक्षरांच्या शेजारीं उभें आहे, हें ध्यानांत घ्या. त्या अक्षरांना जेवढा धीटपणा आहे तेवढाच या रेषेला आहे. त्यांच्या शेजारीं छायाप्रकाशाची नाजुक कारागिरी विरून गेली असती.

पुढें चौदाव्या शतकांत या पोथ्या कागदावर लिहिल्या जाऊं लागल्या. कागदाचें पान हवें तेवढें उंच करतां येतें. तरी पोथीनें आपला आडवा आकार सोडला नाहीं. दोरीची गरज उरली नाहीं, भोंक गेलें. पण भोंकाच्या जागीं एक रंगीत वर्तुळ काढण्याची चाल कितीतरी दिवस टिकली. आपल्याकडे पारायणाच्या ज्या सुट्या पानांच्या आडव्या पोथ्या असतात, त्यांचा आकारहि मूळचा ताडाच्या झाडानें ठरविलेला आहे.

मोगल दरबारांत चित्र अक्षरांपेक्षां मोठें झालें. अकबरानें १५६२ च्या सुमारास हम्झानाम्याचें काम सुरू करविलें. इराणांतून हुमायूनच्या आश्रयास आलेले मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे दोन उस्ताद एकामागून एक या कामावर होते, आणि सुमारें १५ वर्षें तें चाललें होतें. चित्रें जवळजवळ १४००, आणि तीं कापडावर काढलेलीं, प्रत्येक दोन फुटांहून उंच. मजकूर पानाच्या पाठीवर. म्हणजे चित्र बसलेल्या मंडळीकडे करावें, आणि कोणी तरी मागून वाचीत जावें अशी सोय. हें पुस्तक एकट्यानें वाचावयाचें नव्हेच. तें एक प्रकारचें प्रयोगाचें साधन होतें. एवढ्या प्रचंड कामांतून आज २०० सुद्धां चित्रें उरलेलीं नाहींत. १८८१ सालीं कॅस्पर पर्डन क्लार्क यास यांतलीं कांहीं चित्रें श्रीनगरांतल्या एका दुकानांत सांपडलीं. काश्मीरची थंडी आंत येऊं नये म्हणून तीं खिडक्यांना लावलेलीं होतीं!

आतां मुद्रणाकडे वळूं. येथून पुढें शेजाऱ्यांचें जमणें न जमणें हें मनावर कमी, आणि यंत्रावर अधिक अवलंबून राहतें, म्हणून थोडें यंत्राविषयीं सांगणें प्राप्त आहे. छापखान्यांतल्या खिळ्यावर अक्षर उठावाचें असतें. उठावाच्या भागास शाई लागते आणि तो भाग कागदावर उमटतो. लांकडाच्या फळीवर चित्र काढून रेषेच्या दोन्ही बाजूंचें लांकूड चाकूनें काढून टाकलें म्हणजे रेषाहि तशीच उठावाची राहते. फळीची जाडी खिळ्याच्या उंचीइतकी केली कीं झालें. अक्षर आणि चित्र एकाच फर्म्यांत आवळतां येतात, एकाच दाबानें छापतां येतात. जर्मनींतल्या बांबेर्ग शहरीं आल्ब्रेख्ट फिस्टर यानें १४६१ सालीं खिळ्यांबरोबर लांकडी ठसे वापरून गोष्टींचें पुस्तक छापलें. पहिलें असें पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. ठसा एकदां कोरला कीं पुन्हां पुन्हां वापरावा ही काटकसर लगेच सुरू झाली. १४९३ च्या न्यूरेंबर्गच्या बखरींत १८०९ चित्रें आहेत आणि ठसे अवघे ६४५. एकच राजा निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या नांवानें राज्य करतो, आणि एकच शहर अनेक देशांत वसलेलें दिसतें. त्या काळच्या वाचकाची त्याबद्दल कांहीं तक्रार नसावी. राजा म्हटल्यावर राजा दिसला, शहर म्हटल्यावर तट आणि मनोरे दिसले, एवढें त्याला पुरत होतें.

या कोरीव कामांत एक अन्याय आहे. चित्र काढणारा निराळा आणि फळी कोरणारा निराळा. ज्याच्या हातानें रेषा प्रत्यक्ष घडते त्याचें नांव बहुधा कोठेंच नसतें. म्हणून लेओनहार्ट फुक्स या वैद्याचा १५४२ सालचा वनस्पतींवरचा ग्रंथ मला विशेष आदरणीय वाटतो. शेंकडों वनस्पतींचीं पानभर चित्रें त्यांत आहेतच. परंतु ग्रंथाच्या अखेरीस त्यानें तीन माणसांचीं चित्रेंहि छापलीं. वनस्पति समोर ठेवून रेखाटणारा आल्ब्रेख्ट मायर, तें रेखाटन लांकडावर उतरविणारा हाइनरिख फ्युलमाउरर, आणि लांकूड कोरणारा फाइट रुडोल्फ श्पेक्ले. ग्रंथकर्त्यानें कोरणाऱ्याला चेहरा दिला. पुढचीं तीनशें वर्षें हें उदाहरण फारसें कोणी गिरविलें नाहीं.

लांकडी ठसा मागें पडला तो तांब्याच्या पत्र्यामुळें. तांब्यावर रेषा खोल खणावयाची, त्या खांचेंत शाई भरावयाची, आणि ओलसर कागद जबर दाबानें तींत बसवावयाचा. रेषा केसासारखी बारीक येते, सावल्या मऊ येतात, नकाशे आणि शरीररचनेचीं चित्रें अप्रतिम उतरतात. पण खिळ्याचें अक्षर उठावाचें आणि तांब्याची रेषा खांचेंतली. दोघांचें छापयंत्र एक असूं शकत नाहीं. तेव्हां चित्र एका ठिकाणीं छापावें, मजकूर दुसऱ्या ठिकाणीं, आणि मग बांधणाऱ्यानें चित्राचें पान मध्यें खोंचावें, किंवा तोच कागद दोनदां दोन यंत्रांतून काढावा. दुसऱ्या रीतीला वेळ, मेहनत व पैसा फार. म्हणून पहिलीच रूढ झाली. शेजाऱ्यांमध्यें भिंत उभी राहिली. विल्यम ब्लेकनें १७८९ मध्यें ती भिंत आपल्यापुरती पाडली. अक्षरें व चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर उठावाचीं काढून, अक्षरें अर्थातच उलटीं लिहून, तो स्वतः छापी आणि छापलेलीं पानें तो व त्याची बायको हातानें रंगवीत. पण हा एकाकी माणसाचा मार्ग झाला. एका वेळीं हातावर मोजण्याइतक्या प्रती निघावयाच्या.

ज्यानें ही भिंत सर्वांसाठीं पाडली त्याच्याजवळ जरा अधिक वेळ थांबूं. त्याचें नांव टॉमस ब्यूइक. जन्म १७५३, इंग्लंडच्या उत्तरेस टाइन नदीच्या कांठीं, शेतकऱ्याच्या घरीं. न्यूकासलच्या राल्फ बेल्बी या खोदकाम करणाऱ्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला. चांदीच्या भांड्यांवर अक्षरें कोरणें, दुकानदारांच्या पाट्या, असलें काम. ब्यूइकनें लांकडाची बाजू बदलली. पूर्वींचे ठसे फळीच्या अंगावर, म्हणजे लांकडाच्या धाग्याच्या दिशेनें, चाकूनें कोरीत. ब्यूइक बॉक्स नांवाच्या अत्यंत घट्ट लांकडाचा आडवा छेद घेई, खोडाचा गोल काप असतो तसा, आणि त्यावर धातु खोदण्याची पोलादी कोरणी चालवी. आडव्या छेदांत धागा आड येत नाहीं. कोरणी कोणत्याहि दिशेला वळते. तांब्याइतकी बारीक रेषा आतां लांकडावर निघूं लागली, आणि तीहि उठावाच्या ठशांत, म्हणजे खिळ्यांच्या शेजारीं बसणारी. टिकाऊपणा असा कीं, आपल्या एका ठशावरून नऊ लाखांवर छाप निघाले असें ब्यूइकनें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

पण नुसत्या युक्तीनें कोणी मोठा होत नाहीं. ब्यूइकचें मोठेपण पाहण्यांत होतें. काळ्या पृष्ठभागावर पांढरी रेषा खोदणें म्हणजे अंधारांत उजेड काढीत जाणें. पिसाची कड, भिजलेल्या गवताची पात, बर्फावरचीं पावलें हीं त्यानें पांढऱ्या रेषेनें काढलीं. दूरचे डोंगर फिके यावेत म्हणून ठशाचा तेवढा भाग तो किंचित खरवडून खालीं घेई, म्हणजे तेथें दाब कमी पडून शाई हलकी लागे. १७९० मध्यें त्याचें चतुष्पाद प्राण्यांचें पुस्तक निघालें. १७९७ व १८०४ मध्यें ब्रिटनमधील पक्ष्यांचे दोन भाग. पक्ष्याचें चित्र वर आणि त्याचें वर्णन खालीं, अशी सरळ मांडणी. परंतु वर्णन संपल्यावर पानाच्या तळाशीं जी थोडी जागा उरे तेथें ब्यूइक आणखी एक इवलेंसें चित्र बसवी. त्याचा पक्ष्याशीं कांहीं संबंध नसे. पावसांत भिजत चाललेला वाटसरू, ओढा ओलांडणारा आंधळा आणि त्याचा कुत्रा, गळ टाकून बसलेला म्हातारा, दूरवर एक फांशीचा खांब. एका चित्रांत तर झाडी-झोंपडीच्या देखाव्यावर आडवा अंगठ्याचा ठसा उमटविलेला आहे, जणूं कोणी शाईच्या हातानें पान खराब केलें!

हीं तळचीं चित्रें म्हणजे माझ्या मतें ग्रंथचित्रकलेंतील सर्वांत खरी वस्तु. तीं मजकुराचीं चाकर नाहींत आणि मालकहि नाहींत. मजकूर पक्षी सांगतो. चित्र तो पक्षी ज्या मुलखावरून उडतो तो मुलूख, तेथली गरिबी, तेथलें हवापाणी दाखवितें. शार्लट ब्रॉंटीच्या 'जेन एअर' या १८४७ च्या कादंबरीच्या आरंभींच ती अनाथ मुलगी खिडकींत पडद्याआड बसून ब्यूइकचें पक्ष्यांचें पुस्तक पाहत असते, हा योगायोग नव्हे. मजकुराकडे तिचें फारसें लक्ष नाहीं. त्या चित्रांतून ती आपल्या मनाच्या गोष्टी रचते.

ब्यूइकची युक्ति पुढें एका मोठ्या धंद्याची झाली. लंडनमधल्या डाल्झिएल बंधूंच्या कारखान्यांत माणसें ओळीनें बसून दुसऱ्यांचीं चित्रें लांकडावर कोरीत. चित्रकार थेट ठशावर पेन्सिलीनें काढी, आणि कोरणारा तें चित्र कोरतां कोरतां नष्ट करी. कोरणें संपलें कीं मूळ चित्र जगांतून गेलेलें असे. या व्यवस्थेंतून जीं उत्तम पुस्तकें निघालीं त्यांत लुइस कॅरोलच्या ॲलिसच्या दोन पुस्तकांना तोड नाहीं. कॅरोलनें आपली गोष्ट आधीं हातानें लिहून, स्वतः ३७ चित्रें काढून, १८६४ मध्यें ॲलिस लिडेल या मुलीस दिली होती. तीं चित्रें हौशी हाताचीं आहेत. पण चित्र पानावर कोठें यावें याची त्याची जाण मात्र हौशी नव्हती. छापील पुस्तकासाठीं जॉन टेनिएलनें ४२ चित्रें केलीं. १८६५ च्या उन्हाळ्यांत २००० प्रती छापून झाल्या, आणि टेनिएलनें कळविलें कीं चित्रांची छपाई मला मान्य नाहीं. कॅरोलनें पदरचा खर्च सोसून ती आवृत्ति मागें घेतली आणि दुसऱ्या छापखान्यांत नव्यानें पुस्तक छापविलें. नाकारलेलीं पानें मात्र फुकट गेलीं नाहींत. तीं अमेरिकेंत पाठवून विकण्यांत आलीं.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळीं चित्रकाराचा अधिकार आणखी पुढें गेला. टोप घातलेल्या गांधीलमाशीचा एक प्रसंग कॅरोलनें लिहिला होता. टेनिएलनें १८७० मध्यें लिहिलें कीं, याचें चित्र कसें काढावें हें मला दिसत नाहीं, आणि पुस्तक थोडें आंखूड करावयाचें तर हीच जागा बरी. कॅरोलनें तो प्रसंग काढून टाकला! त्याचीं छापील मुद्रितें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९७४ मध्यें, लिलांवांत उजेडांत आलीं. पण त्याच पुस्तकांत या दोघांनीं जें केलें तें पाहावयास मूळ मांडणीची प्रत हातीं घेतली पाहिजे. ॲलिस आरशांतून पलीकडे जाते त्या प्रसंगाचीं दोन चित्रें आहेत. एकांत ती आरशांत शिरत आहे, दुसऱ्यांत पलीकडून बाहेर येत आहे; आणि तीं एकाच पानाच्या दोन बाजूंवर, पाठीला पाठ लावून छापलेलीं आहेत. आपण पान उलटतों तेव्हां कागदच आरसा होतो. पुढें कितीतरी प्रकाशकांनीं हीं चित्रें समोरासमोर किंवा चार पानांच्या अंतरानें छापलीं. रेषा तीच, चित्रकार तोच. पण मूळ कल्पना तेथें उरली नाहीं. या पुस्तकांचे मूळ लांकडी ठसे १९८५ सालीं लंडनमधल्या एका बँकेच्या तळघरांत सुखरूप सांपडले. छपाई त्यांच्या धातूच्या प्रतिकृतींवरून होत असल्यामुळें त्यांची झीज झालेली नव्हती. आपल्याकडे ॲलिसची बरी प्रत असेल तर चित्रांचे कोपरे निरखून पाहा. टेनिएलचीं गुंफलेलीं आद्याक्षरें दिसतील, आणि कांहीं चित्रांत डाल्झिएल हें नांवहि दिसेल. त्या नांवामागच्या कारखान्यांतले हात मात्र निनांवी राहिले.

नंतर छायाचित्रण आलें आणि कोरणारा गेला. बारीक ठिपक्यांच्या हाफटोन ठशानें कोणतेंहि चित्र, रंग, धूसर छाया, जसेच्या तसें उतरवितां येऊं लागलें. या सवलतीचा एक चमत्कारिक फायदा मुंबईशीं निगडित आहे. १८६५ पासून कांहीं वर्षें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकविणारे लॉकवुड किपलिंग हे मूळचे मूर्तिकलेचे माणूस. आपल्या मुलाच्या 'किम' या १९०१ च्या कादंबरीसाठीं त्यांनीं चित्रें काढलींच नाहींत. मातीचीं उठावचित्रें घडविलीं आणि त्यांचीं छायाचित्रें पुस्तकांत छापविलीं. ब्यूइकला हें सुचणेंहि शक्य नव्हतें. पण हाफटोनचे ते ठिपके नीट उमटावयास गुळगुळीत, चकचकीत कागद लागे, आणि मजकूर तर साध्या कागदावर. पुन्हां भिंत! आर्थर रॅकमचें 'रिप व्हॅन विंकल' १९०५ मध्यें निघालें; त्यांत ५१ रंगीत चित्रें, निराळ्या कागदावर छापून चिकटविलेलीं. सुंदर आहेत यांत शंका नाहीं. पण तीं पाहतांना गोष्ट थांबते, आणि गोष्ट वाचतांना तीं आड येतात. याच्या उलट विल्यम मॉरिसनें १८९६ मध्यें चॉसरचें काव्य छापलें, बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसह, सारें लांकडी ठशांनीं, अक्षर आणि चित्र एका वजनाचें. शेजाराचें शास्त्र त्यानें पूर्ण पाळलें. मात्र पुस्तक इतकें भरगच्च झालें कीं तें वाचावें असें मला तरी कधीं वाटलें नाहीं.

महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत शिळाछापानें या दोघांना एकदम एका घरांत आणलें. दगडावर अक्षरहि हातानेंच लिहावयाचें आणि चित्रहि हातानेंच काढावयाचें. मग वेगळेपणा येणार कोठून? मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. त्या पद्धतीनें पुढें पोथ्या निघाल्या त्या हस्तलिखिताचा आडवा आकार आणि वळण तसेंच ठेवून, अध्यायाच्या आरंभीं गणपति-सरस्वतीसारख्या आकृति घेऊन. रेषा ओबडधोबड असते, हें खरें. तरी ती शेजारच्या अक्षराच्या वळणाची असते, म्हणून डोळ्याला खुपत नाहीं.

महादेव विश्वनाथ धुरंधरांपुढचा प्रश्न वेगळा होता. १९१४ मध्यें लंडनला किंकेडसाहेबांचें 'डेक्कन नर्सरी टेल्स' निघालें, म्हणजे आपल्या श्रावणांतल्या कहाण्यांचें इंग्रजी रूप. रविवारपासून शनिवारपर्यंतच्या वारांच्या कहाण्या त्यांत ओळीनें आहेत. चित्रें धुरंधरांचीं. कहाणी ही मुळांत पाहावयाची वस्तु नव्हे, अक्षता हातांत घेऊन ऐकावयाची. आपल्या बायकांना ब्राह्मणाची सून कशी दिसते हें सांगावें लागत नाहीं. कहाणींतहि तिच्या नेसण्याचें वर्णन नसतें. परंतु परक्या वाचकाला तें कोठून ठाऊक असणार? मजकूर जें गृहीत धरतो तें चित्रानें पुरवावयाचें होतें. नऊवारी नेसण्याची ढब, बसण्याउठण्याची रीत, घरचीं भांडीं, देवळाचा ओटा हें सारें धुरंधरांच्या हातांत होतेंच. एका भाषेंतून दुसरीत जातांना जें सांडलें तें चित्रानें उचलून घेतलें.

आतां तुकडे करण्याची गोष्ट. इराणच्या शाह तहमास्पसाठीं सोळाव्या शतकांत तब्रीझ येथें शाहनाम्याची एक प्रत तयार झाली. ७५९ पानें, २५८ चित्रें. पुढें हिंदुस्थानांत आलेल्या मीर सय्यद अलीचा बाप, मीर मुसव्विर, हा तिच्या चित्रकारांपैकीं एक होता. १५६८ मध्यें ती तुर्की सुलतानाकडे नजराणा म्हणून गेली, आणि १९५९ सालीं ऑर्थर हौटन नांवाच्या अमेरिकन संग्राहकानें ती विकत घेतली. चारशें वर्षें टिकलेलें पुस्तक त्यानें सोडविलें. ७८ चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमला गेलीं, कांहीं १९७६ पासून लिलांवांत व खासगी व्यवहारांत विकलीं गेलीं. लिलांवांत पान घेणारा चित्र घेतो. राजपुत्र घोड्यावरून कोठें निघाला होता आणि मागच्या पानावर त्याचा बाप त्याला काय म्हणाला होता, हें त्या चौकटींत येत नाहीं. १९९४ मध्यें व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल झाली. इराणनें डी कूनिंग या चित्रकाराचें एका स्त्रीचें आधुनिक चित्र दिलें, आणि शाहनाम्याचीं उरलेलीं ११८ चित्रें, मजकुराचीं पानें व बांधणी परत घेतलीं.

२०११ सालीं या पोथीचें एकच पान लंडनच्या लिलांवांत ७४ लाख पौंडांवर गेलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या म्यूझियमनें सगळींच्या सगळीं २५८ चित्रें, निरनिराळ्या देशांतून त्यांचीं छायाचित्रें मिळवून, एका ग्रंथांत मूळच्या क्रमानें छापलीं. ज्यांच्या जवळच्या ग्रंथालयांत तो ग्रंथ असेल त्यांनीं तो अवश्य मागवून घ्यावा आणि एका बैठकींत चाळावा. नुसत्या मजकुराचीं पानें त्यांत आलेलीं नाहींत. तीं, जुन्या बांधणीसह, तेहेरानांत आहेत.